घोडीचा पाय आणि मालकाचा धीर

मोशी-चाकण परिसरात कारखानदारी वाढली, तरी यात्रेतील बैलगाडा शर्यतीचा जिव्हाळा कायम आहे. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरविली. या शर्यतीत बैलांपुढे धावणाऱ्या घोडीच्या पायांकडेही लक्ष दिले पाहिजे.

घोड्याचा सुमारे साठ टक्के भार पुढील पायांवर असतो. भरधाव धावताना तेथील कंडरा, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणारा दोर, दुखावतो. पाय गरम लागून सूज दिसताच घोडी थांबवावी, पायावर पंधरा-वीस मिनिटे थंड पाणी सोडावे व पशुवैद्यकास बोलवावे.

लंगडणे काही आठवड्यांत थांबू शकते. गंभीर इजेत कंडरा भरून येण्यास मात्र नऊ ते बारा महिने लागतात. वेदना शमली म्हणजे इजा बरी झाली, असे नव्हे. प्रथम विश्रांती द्यावी. नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सपाट, टणक जमिनीवर हाती दोर धरून पाच-दहा मिनिटे चालवावे व ही वेळ हळूहळू वाढवावी. दुडकी फेरतपासणीनंतरच. घोडी बिचकल्यास चाबूक न उगारता मानेवर थाप द्यावी, क्षणभर थांबावे. भार पेलणाऱ्या निरोगी पायाचे खूरही रोज तपासावे.

यात्रा दरवर्षी येते. घाईने पुन्हा दुखावलेला पाय मात्र पूर्ववत होणे कठीण असते.