चुरस, चव्हाटा आणि चावडी : कडेगावच्या निमित्ताने स्थानिक सत्ताकारणाच्या भाषेचा विचार

स्वातंत्र्योत्तर मराठी कथा-कादंबरीने ग्रामीण व निमशहरी सत्ताकारणाचे चित्रण विपुल प्रमाणात केले आहे. गटबाजी, भाऊबंदकी, सहकारी संस्थांतील हितसंबंध, निवडणुकीतील डावपेच या विषयांची चर्चा समीक्षेनेही वेळोवेळी केली आहे. तथापि सत्ता ज्या कागदांवर प्रत्यक्ष चालते, त्या ठराव, इतिवृत्त, टिपणी, अंदाजपत्रक आदी कागदांच्या भाषेकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले आहे. प्रस्तुत लेखात सांगली जिल्ह्यातील कडेगाव परिसराचा संदर्भ घेऊन निवडणुकीतील चुरशीची भाषा आणि कारभाराच्या पारदर्शकतेची भाषा यांच्यातील अंतर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१. परिसराची पार्श्वभूमी

पूर्वी खानापूर तालुक्यात समाविष्ट असलेला कडेगावचा भाग हा राजकीयदृष्ट्या अत्यंत जागा असा प्रदेश आहे. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीचा हा मुलूख. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आणि पतंगराव कदम यांचे सोनसळ ही दोन्ही गावे याच तालुक्यातील होत. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन भिलवडी-वांगी मतदारसंघात अपक्ष संपतराव देशमुख यांनी पतंगराव कदम यांचा पराभव केला. पुढील वर्षी संपतरावांचे निधन झाले व पोटनिवडणुकीत पृथ्वीराज देशमुख निवडून आले. १९९९ मध्ये पतंगरावांनी ही जागा परत मिळविली. कदम व देशमुख या दोन गटांमधील ही स्पर्धा पलूस-कडेगाव मतदारसंघ अस्तित्वात आल्यानंतरही चालू राहिली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत विश्वजीत कदम यांची लढत संग्रामसिंह देशमुख यांच्याशीच झाली व तीत कदम विजयी झाले.

२०१६ च्या सुमारास कडेगाव ग्रामपंचायतीची जागा नगरपंचायतीने घेतली. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेल्यामुळे नगरपंचायतीच्या पुढील निवडणुकीचे मतदान २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाले. १९ जानेवारीच्या निकालाने येथील सत्ता काँग्रेसकडून भारतीय जनता पक्षाकडे गेली. एवढ्या लहान गावातील सत्तांतराची दखल राज्यभरातील वृत्तपत्रांनी घेतली, यावरूनही या चुरशीचे वजन लक्षात येते.

२. चुरशीची भाषा

दक्षिण महाराष्ट्रात निवडणुकीची भाषा बव्हंशी कुस्तीच्या आखाड्यातून आलेली आहे. उमेदवार ‘शड्डू ठोकतो’, लढत ‘काटाजोड’ होते, प्रतिस्पर्धी ‘चितपट’ होतो. पराभूत गट पुढच्या वेळी ‘उट्टे काढण्याची’ वाट पाहतो. ‘जिरवणे’ हे क्रियापद तर विजयापेक्षाही महत्त्वाचे ठरते. ‘ईर्षा’ हा शब्द प्रमाण मराठीत दोषवाचक असला, तरी या भागात ‘ईर्षेने मतदान झाले’ असे कौतुकानेच म्हटले जाते.

या शब्दसंग्रहाची मर्यादाही स्पष्ट आहे. कुस्तीत निकाल लागला की प्रेक्षक उठतो. मतदार हा प्रेक्षक आहे, अशी कल्पना या रूपकात गृहीत धरलेली असते. पुढील पाच वर्षांच्या कारभारासाठी या भाषेपाशी शब्दच नाही. शिवाय कुस्ती ही दोघांची असते. दोघांत समझोता झाला की लढत ‘बिनविरोध’ होते आणि प्रेक्षकाला पाहण्यासारखे काही उरत नाही. २०१८ ची पलूस-कडेगावची पोटनिवडणूक बिनविरोध झाली. २०१९ मध्ये याच मतदारसंघात ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायास २० हजारांहून अधिक मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्यामागील कारणांविषयी मतभेद संभवतात. परंतु लढतीत तुल्यबळ प्रतिपक्ष नसला तरी मतपत्रिकेतील नकाराचा रकाना बोलका होऊ शकतो, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

३. ‘पारदर्शकता’ आणि ‘चव्हाटा’

‘पारदर्शकता’ ही संज्ञा संस्कृत घटकांपासून बनलेली असली, तरी कारभाराच्या संदर्भातील तिचा अर्थ भाषांतरातून आलेला आहे. तिच्यामागे काचेची प्रतिमा आहे. मराठीच्या स्वतःच्या वाक्प्रचारांत मात्र उघडेपणा बहुधा बदनामीशी निगडित आहे. चार वाटा जेथे मिळतात तो चव्हाटा; पण एखादी गोष्ट ‘चव्हाट्यावर आणणे’ म्हणजे अब्रू घालविणे. ‘उघडे पाडणे’ यातही शिक्षेचाच भाव आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तर झाकण्यालाच शहाणपण मानते. साहजिकच नगरपंचायतीकडे एखाद्या कामाचे कागद मागणारा मनुष्य माहिती मागत नसून वैर काढीत आहे, अशी समजूत लवकर दृढ होते.

ही समजूत सर्वस्वी निराधार नसते. स्थानिक पातळीवर माहितीचा अर्ज अनेकदा प्रतिस्पर्धी गटाकडूनच येतो. परंतु येथे कायद्याची भूमिका लक्षणीय आहे. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराची तरतूद २००२ मध्येच केली. केंद्राचा कायदा २००५ चा. या केंद्रीय कायद्यानुसार अर्जदाराने माहिती मागण्याचे कारण सांगण्याची आवश्यकता नाही. हेतू शुद्ध की अशुद्ध, हे कायदा विचारीत नाही. याचा अर्थ चुरस ही पारदर्शकतेची वैरीण आहे असे सरसकट म्हणता येत नाही. कित्येकदा चुरशीमुळेच दप्तर उघडते. दोष आहे तो पुढच्या टप्प्यावर. चुरशीतून मिळालेला कागद शस्त्र म्हणून वापरला जातो, तडजोड झाली की तो पुन्हा मिटला जातो. दोन गटांपुरता उघडा झालेला कारभार गावापुढे उघडा झाला, असे मानता येणार नाही. म्हणूनच त्याच कायद्याच्या कलम ४ चे महत्त्व अधिक आहे. कोणी मागो वा न मागो, कार्यालयाने आपण होऊन माहिती प्रसिद्ध करावी, असे ते कलम सांगते.

४. इतिवृत्ताची संहिता

माहिती प्रसिद्ध झाली तरी ती वाचता येते काय, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. शासनव्यवहाराची मराठी घडविण्याचे प्रयत्न शिवकाळातील राज्यव्यवहारकोशापासून दिसतात; १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने त्यांना आधुनिक काळात कायद्याचे अधिष्ठान दिले. या भाषेत लिहिलेले सभेचे इतिवृत्त ही एक रचलेली संहिता असते. तिच्यात ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ यांची नावे असतात. परंतु निर्णयाचे वाक्य मात्र ‘सर्वानुमते मंजूर करण्यात आले’ असे कर्मणी प्रयोगात येते. त्यामुळे कर्ता दिसेनासा होतो. ‘कार्योत्तर मंजुरी’ या दोन शब्दांत काम आधी व निर्णय नंतर, असा काळाचा उलटा क्रम सहज सामावून जातो. ‘ऐनवेळचे विषय’ या शीर्षकाखाली विषयपत्रिकेत नसलेली, म्हणजे सभासदांनी आधी न वाचलेली बाब सभेपुढे येते. या प्रत्येक शब्दप्रयोगाला प्रशासकीय उपयोग आहे, हे मान्य करूनही त्यांचा एकत्रित परिणाम काय होतो ते पाहावे लागते. चर्चा गळून पडते आणि निष्पत्ती तेवढी उरते.

या पार्श्वभूमीवर महात्मा फुले यांचे उदाहरण मोलाचे ठरते. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी करावयाच्या खर्चास त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी त्यांची भूमिका होती. सभागृहात ते एकटे पडले. परंतु ‘सर्वानुमते’ या शब्दास छेद देणारा तो एक नकारच पुढील पिढ्यांच्या स्मरणात राहिला. हा विरोध कोणाची जिरविण्यासाठी नव्हता, हे येथे विशेषत्वाने लक्षात घ्यावयास हवे.

५. साहित्यातील चित्रण

शंकर पाटील यांच्या ‘टारफुला’ (१९६४) या कादंबरीत पाटलाच्या निधनाने गावात निर्माण झालेली सत्तेची पोकळी आणि ती भरून काढण्यासाठीचा संघर्ष येतो. अरुण साधू यांची ‘सिंहासन’ ही कादंबरी राजधानीतील सत्तास्पर्धेचा वेध घेते, तर रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ (१९९४) स्वातंत्र्यलढ्यापासून सुरू झालेल्या मूल्यांच्या ऱ्हासाचा दीर्घ पट मांडते. या तिन्ही कृतींत सत्तेचा संघर्ष सखोलपणे येतो. परंतु सामान्य माणसाने सत्तेला चिकाटीने विचारलेला प्रश्न हाच ज्या कृतीचा कणा आहे, असे ठळक उदाहरण विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या ‘सामना’ या चित्रपटाचे आहे. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेविषयी त्यातील मास्तर विचारीत राहतात. त्यांना निवडणूक लढवायची नाही, कोणाची जागा घ्यायची नाही. चुरशीबाहेरून आलेला हा प्रश्न म्हणूनच सत्ताधाऱ्याला पेलत नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा येण्यापूर्वी सुमारे तीन दशके मराठी कलाकृतीने त्या अधिकाराचे नैतिक रूप अशा प्रकारे मांडले होते.

६. समारोप

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की गावाचा दर्जा वाढतो, पण ग्रामसभा ही कायद्याने दिलेली जागा नाहीशी होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या त्या ३ लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. कडेगावसारख्या गावाला त्यांचा लाभ नाही. म्हणजे चुरस वाढली, निधी वाढला आणि विचारण्याची जागा मात्र आकसली. हा प्रश्न केवळ राज्यशास्त्राचा नाही.

महसूल खात्याच्या ‘चावडी वाचना’त गावाच्या नोंदी मोठ्याने वाचल्या जातात आणि हरकत असणाऱ्याने तेथेच बोलायचे असते. चव्हाट्यात बदनामी आहे, चावडीत श्रवण आणि उत्तर आहे. पारदर्शकतेला मराठी मातीतला प्रतिशब्द शोधायचा तर तो येथे सापडतो. अर्थात मोठ्याने वाचलेले कळले पाहिजे. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणजे काय, हे श्रोत्याला समजावून देणारा वाचक गावात असला पाहिजे. पदव्युत्तर वर्गात कादंबरीतील निवेदकाची भूमिका शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या इतिवृत्तातील लपलेला कर्ताही शोधावा, ही अपेक्षा त्यामुळे अभ्यासक्रमाबाहेरची ठरत नाही. व्यवहारोपयोगी मराठीच्या अभ्यासपत्रिकेत अर्जलेखनाबरोबर ठरावाचे वाचनही आले, तर मराठी विभाग आणि नगरपंचायत यांच्यामधील अंतर काही प्रमाणात कमी होईल.