बाण जड असावा की हलका?



अमेरिका आणि कॅनडात एल्क, मूस अशा मोठ्या प्राण्यांची धनुष्यबाणाने शिकार करता येते. त्यासाठी परवाना लागतो आणि हंगामही ठरलेला असतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पण तिथल्या शिकाऱ्याला बाण निवडताना पडणारा प्रश्न आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलाच आहे.

बंदुकीची गोळी आणि बाण यांचे काम वेगळे. बाणाचे धारदार पाते कापत कापत फुप्फुसापर्यंत पोहोचले, तर प्राणी थोड्याच वेळात मरतो. ते बरगडीवरच अडले, तर जखमी प्राणी रानात पळून जातो आणि कित्येक दिवस तडफडतो. म्हणून बाण किती खोल जाईल, हे आधीच पाहावे लागते.

समजा, एकाच धनुष्यातून दोन बाण सोडले. पहिला २५ ग्रॅमचा, वेग सेकंदाला ८० मीटर. दुसरा ३६ ग्रॅमचा, वेग ६७ मीटर. गतिज ऊर्जा काढली, तर पहिल्याची ८० ज्यूल आणि दुसऱ्याची सुमारे ८१ ज्यूल, म्हणजे जवळजवळ सारखीच. आता वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग काढा. पहिल्याचा २.० आणि दुसऱ्याचा २.४१ किग्रॅ-मीटर प्रतिसेकंद. तेवढ्याच बलाने जड बाण थांबवायला जास्त वेळ लागतो. शिवाय मांसातून जाताना वेग जास्त असेल, तर विरोधही वाढतो. त्यामुळे संथ पण जड बाण अधिक खोल जातो.

मग बाण हवा तेवढा जड का करू नये? हवेचा विरोध सोडून दिला, तर ३० मीटर जाईपर्यंत पहिला बाण सुमारे ६९ सेंटिमीटर खाली येतो आणि दुसरा ९८ सेंटिमीटर. जड बाण वापरताना अंतराचा अंदाज चुकला, तर नेमही अधिक चुकतो. म्हणून शहाणा शिकारी जड बाण घेतो, पण प्राण्याच्या जवळ जाऊनच सोडतो. उलट, बाण फारच हलका घेतला, तर उरलेली ऊर्जा धनुष्यातच राहते आणि ते तडकू शकते.

आता दांड्याविषयी. लाकडी दांडा दमट हवेत वाकतो. ॲल्युमिनियमचे दांडे एकसारखे असतात, पण एकदा वाकले की वाकलेलेच राहतात. कार्बन तंतूंचा दांडा हलका, ताठ आणि लगेच सरळ होणारा. मात्र त्याला चीर गेलेली असेल, तर सुटताना तो फुटून हाताला इजा होते. म्हणून प्रत्येक वेळी तो तपासून घ्यावा लागतो. दांड्याचा ताठपणा मोजण्याची रीतही सोपी आहे. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडा ठेवायचा, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचे आणि तो किती लवतो ते पाहायचे. जास्त जोराच्या धनुष्याला अधिक ताठ दांडा लागतो, नाहीतर बाण डुलत जातो आणि आडवा लागून आपली शक्ती वाया घालवतो.

थोडक्यात, नुसत्या वेगाला भुलू नये. चुकीच्या निवडीची किंमत शिकारी नव्हे, मुका प्राणी मोजतो.

करून पाहा : ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ७३ मीटर वेगाने सुटला. त्याची गतिज ऊर्जा, संवेग आणि ३० मीटरवरील घट काढा. (g = ९.८)

उत्तर : सुमारे ८० ज्यूल, २.१९ किग्रॅ-मीटर प्रतिसेकंद; ८३ सेंटिमीटर.