चमकले म्हणजे सापडले नव्हे

पोटॅशियम चॅनल म्हणजे पेशीपटलातून पोटॅशियमच्या आयनांना ये-जा करू देणारी प्रथिने. मज्जापेशी, हृदयाचे स्नायू आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांचे विद्युत व्यवहार त्यांच्यावर चालतात. माणसात या चॅनलची सुमारे ८० जनुके आहेत. त्यांतली कित्येक प्रथिने सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, म्हणून एकासाठी बनवलेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही चिकटू शकते.

अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडण्याची कल्पना हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रत्यक्षात आणली. आज बहुधा दोन टप्प्यांत काम होते. सशात तयार केलेली पहिली अँटिबॉडी चॅनलला चिकटते आणि रंग जोडलेली दुसरी त्या पहिलीला. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा प्रकाश दिसला की चॅनल सापडला असे वाटते. मात्र त्या प्रकाशावरून अँटिबॉडी तिथे आहे एवढेच कळते. ती कशाला चिकटली हे वेगळे सिद्ध करावे लागते.

महाराष्ट्रातल्या लाल विंचवाचा या संशोधनाशी जवळचा संबंध आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. त्या विंचवाच्या विषातून १९९० मध्ये ३७ अमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन वेगळे काढले गेले. ते बीके जातीचा पोटॅशियम चॅनल बाहेरच्या तोंडाशी बंद करते, तर बीकेच्या अनेक अँटिबॉडी आतल्या टोकाला चिकटतात. त्यामुळे दोघांची साक्ष एकमेकांपासून स्वतंत्र ठरते. जिथे अँटिबॉडी चमकते, तिथला विद्युतप्रवाह या विषाने घटला, तर पुरावा भक्कम होतो. एक अपवाद ध्यानात ठेवावा: बीटा-४ उपघटक जोडलेले बीके चॅनल या विषाला सहजी दाद देत नाहीत.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात काळजी अँटिबॉडीची कुपी हाती येण्याआधीच सुरू होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नागपूरहून सुमारे १५० किलोमीटरचा रस्ता असतो. पार्सल उघडताच बर्फ शिल्लक आहे का ते पाहून नोंद करावी. माहितीपत्रकात गोठवायला सांगितले असेल तर लहान भाग करून ठेवावेत. पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे अँटिबॉडीला मारक असते. रंग जोडलेली कुपी उजेडापासून जपावी. वीज गेल्यावर फ्रीजचे तापमान किती चढले, तेही वहीत लिहावे.

वापरण्यापूर्वी कुपी थंड सेंट्रिफ्यूजमध्ये काही मिनिटे फिरवून वरचेच द्रावण घ्यावे. उष्णता लागलेल्या अँटिबॉडीच्या गुठळ्या स्लाइडवर बारीक, लखलखीत ठिपक्यांसारख्या दिसतात. केव्ही २.१ हा चॅनल मज्जापेशीच्या पृष्ठभागावर खरोखरच पुंजक्यांनी असतो, त्यामुळे इथे नजर हमखास फसते. ठिपके पेशी नसलेल्या काचेवरही दिसले, तर ते चॅनलचे नव्हेत.

अँटिबॉडी चॅनलच्या आतल्या टोकासाठी असेल तर पेशीपटलाला ट्रायटनसारख्या द्रवाने छिद्रे पाडणे भाग आहे. बाहेरच्या भागासाठी असेल तर जिवंत पेशीवरही काम होते.

कंट्रोलशिवाय, म्हणजे तुलनेसाठीच्या स्लाइडशिवाय, एकही निष्कर्ष काढू नये. पहिली अँटिबॉडी वगळून फक्त दुसरी लावलेली स्लाइड ही किमान अट. काहीच न लावलेली स्लाइड ऊतीची स्वतःची चमक दाखवते. वयस्क मज्जापेशी आणि हृदयस्नायूंतले लिपोफ्युसिन आपणहून उजळते. ज्या पेप्टाइडविरुद्ध अँटिबॉडी बनवली ते मिसळून चमक घालवली, तरी अँटिबॉडी त्या पेप्टाइडला ओळखते एवढेच कळते; दुसऱ्या प्रथिनाला ती चिकटत नाही हे त्यातून ठरत नाही. सर्वांत खात्रीचा कंट्रोल म्हणजे ते जनुक काढून टाकलेल्या उंदराची ऊती. ती मिळत नसेल, तर चॅनलचे जनुक घातलेल्या आणि न घातलेल्या पेशी शेजारी शेजारी तपासाव्यात.

सर्व स्लाइडची छायाचित्रे एकाच प्रकाशतीव्रतेवर आणि एकाच एक्सपोजरवर घ्यावीत. अहवालात अँटिबॉडीचा कॅटलॉग क्रमांक, लॉट, सौम्यीकरण आणि कंट्रोल नोंदवावेत, कारण बहुक्लोनी अँटिबॉडीचा लॉट बदलला की तिचे वागणेही बदलू शकते. नवा लॉट आला की सर्व कंट्रोल पुन्हा करावेत, आणि मगच नमुन्याला हात लावावा.