वावटळ, वळीव आणि घूर्णवात

चैत्र-वैशाखाच्या भर दुपारी वसतिगृहापुढील मैदानावर वावटळ उठली, की लहान विद्यार्थी आजही दाराआड पळतात. तिच्यात भूत नाचते, असे ते घरून ऐकून आलेले असतात. आमच्यापैकी अनेकांनीही बालपणी तेच ऐकले होते. म्हणूनच हा पाठ आम्ही वर्गात न घेता मैदानावर घेत आलो आहोत.

नगर जिल्ह्याचा बहुतांश भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कर्जत-जामखेडकडील उघडे माळ उन्हाने तापतात, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यास भोवतालची हवा धावते. त्या धावेत थोडीशी गिरकी असली, तरी वर चढणारा झोत ताणला जाऊन अरुंद होतो आणि गिरकीचा वेग वाढतो. वावटळीला ढग लागत नाही. ती निरभ्र आकाशाखाली जन्मते व काही मिनिटांतच विरते. ती कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. लिंबाच्या पानांवरून विद्यार्थ्यांनी हे स्वतः टिपले आहे.

घूर्णवाताचे, म्हणजेच टोर्नेडोचे, तसे नाही. त्याचे नाते गडगडाटी मेघाशी असते. खाली उष्ण व दमट हवा, वर थंड व कोरडी हवा, शिवाय उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलणारा, अशी सगळी गाठ पडावी लागते. या बदलामुळे हवेचे आडवे लाटणे फिरू लागते आणि मेघात चढणारा झोत त्याला उभे करतो. अमेरिकेत असे सुमारे 1200 घूर्णवात दरवर्षी नोंदले जातात. बांगलादेशात 26 एप्रिल 1989 रोजी एकाच घूर्णवाताने सुमारे 1300 बळी घेतले. आपल्या देशात दिल्लीस 17 मार्च 1978 रोजी, तर जलपाईगुडीतील मैनागुडी भागास 31 मार्च 2024 रोजी त्याचा तडाखा बसला. दख्खनच्या पठारावर मात्र वळवाचे ढग कितीही उंच वाढले, तरी ती गाठ क्वचितच पडते. 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ हे तर शेकडो किलोमीटर पसरलेले सागरी चक्रीवादळ; नावातील साम्यामुळे घोटाळा होतो, इतकेच.

एका वळवात आमच्या भोजनगृहाचे पत्रे उडाले, तेव्हा टोर्नेडो आल्याची वार्ता पसरली आणि काही पालक मुलांना घरी नेण्यासाठी आले. आम्ही त्यांना शेतात पडलेले पत्रे दाखविले. सारे पूर्वेकडेच पडले होते आणि वाकलेली ज्वारीची ताटेही त्याच दिशेस होती. घूर्णवात असता, तर पत्रे चहूकडे विखुरले असते. पावसासोबत ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून सरळ एका दिशेने धावली होती. तो झोतही घातकच. पण त्याला हुकांनी घट्ट बांधलेला पत्रा बऱ्याच अंशी तोंड देतो. दोन पालक संध्याकाळपर्यंत थांबून आमच्याबरोबर छतावर चढले.