भूल आणि सूर

संपूर्ण भूल दिल्यावर रुग्णाची जाणीव लोपते. तथापि कानांवाटे येणारे ध्वनिसंकेत मेंदूपर्यंत काही अंशी पोहोचतच असतात. ‘द लॅन्सेट’ने २०१५ साली ७३ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. संगीत ऐकविलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी जाणवल्या, वेदनाशामकेही कमी लागली. संपूर्ण भुलीतही हा लाभ आढळला. जागेपणी ऐकणाऱ्यांत तो अधिक होता. रुग्णालयातील मुक्काम मात्र घटला नाही. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील २०२५च्या अभ्यासात संथ वाद्यसंगीतामुळे प्रोपोफॉल हे भुलीचे औषध कमी पुरले.

चिकपेटच्या गजबजाटातून जवळच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात वा अन्यत्र शस्त्रक्रियेस जाणाऱ्या ग्राहकांनी ध्यानी ठेवावे : संगीत ही भुलीला जोड आहे, पर्याय नव्हे. भूलतज्ज्ञांच्या अनुमतीनेच आवडते सूर सोबत न्यावेत.