थंडीचं सोड, ओल सांभाळ

लेस्टरच्या नव्या घरामागच्या वीतभर बागेत घायपात, निवडुंग असलं काहीतरी लावायचं म्हणतेस, ते मला आवडलं बघ. ‘इथल्या थंडीत ते तगायचं नाही’ असं शेजारपाजारचे सांगतील. तू ऐकून घे आणि सोडून दे. इंग्लंडमध्ये ही झाडं थंडीने मरतात त्यापेक्षा ओलीने जास्त मरतात.

कसं ते सांगते. या झाडांच्या पानांत पाणी साठलेलं असतं. ते गोठलं की आतल्या पेशी फुटतात आणि पान लिबलिबीत होतं. पण झाड कोरडं असलं की आतला रस दाट होतो, आणि दाट रस लवकर गोठत नाही. अ‍ॅरिझोना ते उत्तर मेक्सिकोच्या डोंगरांतलं अगेव्ह पॅरी हे घायपात हिमवर्षावही सोसतं, कारण पायाखाली खडक असतो, पाणी थांबतच नाही. तुझ्याकडे थंडी तिथल्यापेक्षा सौम्य, पण चिकणमाती ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सुकत म्हणून नाही. खरी अडचण तिथे आहे.

म्हणून आधी वाफा, मग झाड. जमिनीपासून फूटभर उंच आणि थोडा उतरता वाफा कर. निम्मी माती, निम्मी जाड खडी, ती ग्रिट म्हणून मिळते. बारीक वाळू मात्र घालू नकोस, चिकणमातीत ती घट्ट बसते. खड्डा खणून त्यात खडी भरायचा सल्ला कुणी दिला तर हसून विषय बदल. चिकणमातीतल्या खड्ड्यात चारी बाजूंचं पाणी येऊन साचतं.

जागा जूनमधलं ऊन बघून ठरवू नकोस. डिसेंबरात तुझ्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 14 अंश वर असतो, त्यामुळे कुंपणाची सावली लांबवर पडते. तेव्हाही जिथे ऊन पोचतं अशी, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची जागा धर.

आता झाडं. आपल्या बांधावरचं घायपात, म्हणजे अगेव्ह अमेरिकाना, कुंडीतच ठेव आणि हिवाळ्यात आडोशाला घे. उणे पाचाच्या आसपास ते कुरकुरायला लागतं. जमिनीत अगेव्ह पॅरी लाव. मुळं कोरडी असली तर ते उणे पंधरापर्यंत निभावतं. लावताना जरा तिरकं लाव, म्हणजे पोग्यात पाणी साचत नाही. कोरफड घरात, खिडकीतच बरी. निवडुंगांत ओपन्शिया ह्युमिफ्यूसा घे. हिवाळ्यात त्याची पानं सुरकुतून जमिनीवर लोळतात. मेलं म्हणून उपटू नकोस. अंगातलं पाणी कमी करून ते थंडीची तयारी करत असतं. रंग हवा असेल तर दक्षिण आफ्रिकेतलं डेलोस्पर्मा कूपेरी लाव, ऊन आलं की गुलाबी-जांभळी फुलं उघडतात.

आणि सगळ्यात सोपं सेम्परव्हायव्हम, युरोपच्या डोंगरांतलंच. पण दुकानात त्याच्याशेजारी अगदी तसंच दिसणारं एचेव्हेरिया ठेवलेलं असतं, आणि ते बहुतेक बाहेर टिकत नाही. सेम्परव्हायव्हमची पानं पातळ, बहुधा कडेला बारीक लव असलेली. एचेव्हेरियाची जाड, बऱ्याचदा पिठूळ. सेम्परव्हायव्हम सैल होऊन सहज हातात आलं, तर खालची माती उकर. तपकिरी डोक्याच्या, पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर त्या व्हाइन वीव्हिल या किड्याच्या. त्या मुळं खातात.

लागवड मे महिन्यात कर, म्हणजे थंडीआधी मुळं धरतील. उन्हाळ्यात खुशाल पाणी दे, सप्टेंबरपासून हात आखडता घे. नत्राचं खत नको, पानं कोवळी आणि नाजूक होतात. हिवाळ्यात वरून पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाक, बाजू मात्र उघड्या ठेव. छत्री धरायची, दुलई पांघरायची नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलंस तर आतल्या दमटपणाने कुजेल. कापडी फ्लीस फक्त कडाक्याच्या रात्री.

घरात लहान मूल आहे, म्हणून हेही: अगेव्हच्या पानांची टोकं कातरीने छाट, आणि ते करताना हातमोजे घाल, चिकाने खाज सुटते. ओपन्शियाची केसांसारखी कुसं तर दिसतही नाहीत, तेव्हा ते मुलाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी लाव.

अगेव्ह बरीच वर्षं वाढतं, एकदाच फुलतं आणि मरतं. तोवर बुडाशी बहुधा पिल्लं आलेली असतात, म्हणून महागडं मोठं झाड घ्यायची गरज नाही. लहान रोप घे आणि उरलेले पैसे खडीत घाल. या शनिवारी तेवढं एक कर: वाफ्याच्या जागी फूटभर खड्डा खणून पाण्याने भर. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं, तर वाफा फूटभर नाही, दीड फूट उंच हवा.