फिजिक्सचा उन्हाळा दिवाळीआधीच ठरतो

मुलगी बी.एस्सी. फिजिक्सला आहे असं सांगितलं, की जबलपुरातल्या मराठी घरांत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग पुढे काय? बी.एड. का?” प्रश्नात कुत्सितपणा नसतो, काळजी असते. आपल्या इथली बरीच घरं आयुधनिर्माणीच्या, रेल्वेच्या, शक्ती भवनातल्या नाहीतर हायकोर्टातल्या पगारावर उभी राहिली आहेत. जाहिरात निघते, परीक्षा होते, नियुक्तीपत्र येतं, ही वाट आईवडिलांना पायाखालची आहे. संशोधनाच्या वाटेवर मात्र कुठेच पाटी दिसत नाही. इंटर्नशिप ही इंजिनिअरिंगच्या मुलांची गोष्ट, असाही एक समज आहे. त्यामुळे परीक्षा संपून मे महिना उजाडला, की कुठेतरी ओळख काढून “याला महिनाभर कुठे चिकटवता येईल का?” अशी फोनाफोनी सुरू होते. तोवर चांगल्या जागा भरून गेलेल्या असतात.

देशातला उन्हाळी संशोधनाचा सर्वांत परिचित कार्यक्रम तीन विज्ञान अकादमी मिळून चालवतात: बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची. निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो आणि त्याला विद्यावेतन मिळतं. त्याचे अर्ज बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राचा उन्हाळी कार्यक्रमही साधारण त्याच हंगामात जाहीर होतो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांच्या जाहिराती बहुतेक वेळा नव्या वर्षाच्या सुरुवातीला दिसतात. आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र (एनसीआरए) मिळून पदवीच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा डिसेंबरात भरवतात, तिचे अर्ज त्याआधीच मागवले जातात. पात्रतेच्या अटी आणि तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून मूळ जाहिरात स्वतः वाचायची. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर विसंबायचं नाही. नवरात्र सुरू झालं की दर रविवारी अर्धा तास या संस्थांच्या सूचना बघायच्या, एवढी सवय लावली तरी निम्मं काम होतं.

सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी मी सर्वांत आधी नाव घेईन ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘नियस’ या उपक्रमाचं. हे केंद्र १९७४ साली सुरू झालं आणि व्ही. जी. कुलकर्णी त्याचे संस्थापक संचालक. नियसच्या शिबिरात मुलांना आधी शिकवतात, प्रयोग करून घेतात आणि मग ज्यांना झेपेल त्यांना एखादा प्रकल्प वर्ष-दोन वर्षं चालवायला देतात. दोन महिन्यांत काहीतरी गुंडाळण्याची घाई इथे नसते. एकाच प्रश्नावर वर्षभर काम केलेल्या मुलाला संशोधनाचा कंटाळवाणा भागही कळतो, आणि तो सोसतो की नाही हे वेळेवर समजतं. केंद्र मुंबईत मानखुर्दला आहे. जबलपूरहून मुंबईच्या गाडीने कल्याणला उतरायचं आणि लोकलने कुर्ल्याला जाऊन हार्बरची गाडी पकडायची.

आता अर्जाकडे वळू. गुण तर विचारतातच. पण निवड करणाऱ्याचं लक्ष आणखी दोन कागदांवर असतं. एक, तुम्ही स्वतः लिहिलेलं टिपण. अकादमींच्या अर्जात ते जेमतेम दीडशे ते अडीचशे शब्दांचं असतं. दुसरं, शिक्षकांचं शिफारसपत्र. हे दोन्ही कागद जबलपुरातच तयार होतात, आणि त्यांना वर्ष लागतं. “हा विद्यार्थी नियमित व शिस्तप्रिय आहे” असं पत्र कुणीही देईल, पण त्याने काहीही साधत नाही. “या मुलीने प्रयोगशाळेतल्या जुन्या स्पेक्ट्रोमीटरची चूक शोधून काढली” असं वाक्य लिहायचं, तर त्या सरांनी तुम्हाला ती चूक शोधताना पाहिलेलं असावं लागतं.

इथेच आपल्याकडच्या प्रॅक्टिकलचा प्रश्न येतो, आणि त्यावर थोडं सविस्तर लिहायलाच हवं. बार पेंडुलमचा प्रयोग सगळे करतात. गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचं असतं. उत्तर ९.८१ च्या जवळ आणायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून रीडिंग ‘जुळवली’ जातात आणि फाइलवर सही होते. पण जबलपुरात ‘जी’ ९.८१ नाहीच! ते मूल्य युरोपच्या अक्षांशांचं आहे. आपण साधारण २३ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर राहतो. नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर ९.७९ च्या किंचित खाली येतं. फरक आहे ०.०२ चा, म्हणजे शेकडा ०.२. नीट हाताळलेल्या केटर्स पेंडुलमने तो दिसू शकतो. ज्या मुलाने प्रामाणिकपणे ९.७९ काढलं आणि शेजारच्याचं बघून खोडून ९.८१ केलं, त्याने बरोबर उत्तर खोडलं.

यातूनच एक खरा छोटा प्रकल्प उभा राहतो. शंभर दोलनांचा काळ पुन्हा पुन्हा मोजा, प्रत्येक मापातली अनिश्चितता काढा, ९.७९ आणि ९.८१ यांतलं कोणतं मूल्य तुमची मापं नाकारतात ते ठरवा आणि चार पानांत लिहा. मोबाइलमधलं फायफॉक्स हे फुकट ॲप घेऊन तेच मोजमाप वेगळ्या रीतीने पडताळा. टिपणातल्या अडीचशे शब्दांपैकी शंभर शब्द यावर खर्च केले, तर “मला लहानपणापासून ब्रह्मांडाचं आकर्षण आहे” अशा शेकडो अर्जांत तुमचा अर्ज वेगळा दिसेल. संशोधकाला हाताखाली मूल हवं असतं ते न जुळणाऱ्या आकड्याला न घाबरणारं. त्याच्या जोडीला थोडं पायथन, लिनक्सची तोंडओळख आणि लेटेकमध्ये अहवाल लिहिता येणं, एवढं दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस यावं.

जबलपुरात बसून करण्यासारखे प्रश्न आणखीही आहेत. २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप आईवडिलांना नक्की आठवत असेल. मुलांनी त्यांना विचारावं. ५.८ तीव्रतेच्या त्या भूकंपाचा उगम जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर होता. खंडाच्या अंतर्भागातल्या भूकंपासाठी ही खोली नवलाची आहे, म्हणून शास्त्रज्ञ अजूनही त्याच्यावर लिहितात. जगभरच्या केंद्रांवरच्या भूकंपनोंदी खुल्या आहेत आणि त्या वाचायला ऑब्सपाय हे पायथनचं साधन फुकट मिळतं. पी आणि एस लहरींच्या पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून त्या केंद्रांचं जबलपूरपासूनचं अंतर पदवीच्या मुलाला काढता येतं. ज्यांचं मन आकाशात रमतं त्यांच्यासाठी २०२३ साली सुटलेल्या आदित्य एल-१ या सौरयानाची निरीक्षणं इस्रोने खुली केली आहेत, लायगोच्या गुरुत्वीय लहरींचा डेटाही खुला आहे. रॅड ॲट होम हा भारतीय उपक्रम तर खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांवर सामान्य पदवीधरांकडून काम करून घेतो.

गावातल्या संस्थांकडे आपली मुलं फार क्वचित वळतात, याचं मला वाईट वाटतं. राणी दुर्गावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचं मेकॅनोल्युमिनेसन्सवरचं काम, म्हणजे स्फटिक चिरडला किंवा घासला की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास, या विषयातल्या लोकांना परिचित आहे. साखरेचा खडा अंधारात फोडला तरी ही चमक दिसते. विज्ञान महाविद्यालय म्हणजे जुनं रॉबर्टसन कॉलेज, १८३६ साली सागरला सुरू झालेलं आणि १८७३ मध्ये जबलपूरला आलेलं. आयआयआयटीडीएममध्येही भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. एका रात्रीच्या प्रवासात इंदूर येतं. तिथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहेत, आणि यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळाही आहेत. भोपाळला आयसर आहे. राजा रामण्णा केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप भवाळकर यांनी एम.एस्सी. केली ती शेजारच्या सागर विद्यापीठातून; पुढे ते साउदॅम्प्टनला गेले आणि परत येऊन देशातलं लेसर संशोधन त्यांनी उभं केलं. “आपल्या भागातल्या कॉलेजात शिकून काय होणार?” असं म्हणणाऱ्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावं.

जाहीर कार्यक्रम नसला तरी प्राध्यापकांना थेट पत्र लिहिता येतं. बहुतेक मुलं एकच मजकूर पन्नास जणांना पाठवतात, वर “रिस्पेक्टेड सर/मॅडम” आणि खाली बायोडेटा. अशा पत्राला उत्तर येत नाही आणि मूल खचतं. पाचच जण निवडा. प्रत्येकाचा एक अलीकडचा शोधनिबंध अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि समजेल तेवढा वाचा. पत्रात त्यातली एखादी आकृती किंवा पायरी नेमकी सांगून आपला प्रश्न विचारा, आपण केलेलं काम दोन ओळींत लिहा, कोणत्या तारखांना मोकळे आहात ते सांगा. हिंदी किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीचा धसका असतो. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्र आठवण करा, मग पुढच्याकडे वळा. डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल. मोठ्या शास्त्रज्ञाला चांगला प्रश्न आवडतो, हे त्यांनी आयुष्यभर दाखवून दिलं.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. पाच-दहा हजार घेऊन ‘रिसर्च इंटर्नशिप’चं प्रमाणपत्र आणि वर एक छापील शोधनिबंध देणाऱ्या जाहिराती हल्ली मुलांच्या मोबाइलवर रोज येतात. तो पैसा वाया जातो. पैसे भरून छापलेला निबंध निवड करणाऱ्याला लगेच ओळखू येतो आणि तो उलट नडतो. चांगली संस्था विद्यावेतन देते किंवा निदान शिकवण्याचे पैसे मागत नाही. राहण्याजेवण्याचा खर्च कधीकधी आपल्याला करावा लागतो, एवढंच. ज्यांना इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळाली आहे, त्यांच्या वर्षाच्या ८० हजारांतले २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच असतात. मध्य प्रदेशात नव्या शिक्षण धोरणामुळे पदवीला प्रकल्प किंवा इंटर्नशिप करावीच लागते. ती बाजारातून फाइल बाइंड करून उरकायची, की वर सांगितलेल्या भूकंपाच्या नोंदींवर खरं काम करायचं, हे तुमच्या हातात आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात, हेही आत्ताच लक्षात घ्या.

आणि निवड झाली नाही तर? बहुतेकांची पहिल्या वर्षी होत नाही. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून चांगली मुलंही गळतात. त्या वर्षीचा उन्हाळा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आपल्याच सरांबरोबर काढला, तर पुढच्या वर्षीचा अर्ज जास्त वजनदार होतो. भौतिकशास्त्र शिक्षक संघटना पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी राष्ट्रीय परीक्षा घेते, तीही देऊन ठेवावी.

पालकांच्या मनात आणखी एक गोष्ट असते, जी ते उघड बोलत नाहीत. मुलाला दोन महिने बंगळुरूला पाठवायला घर तयार होतं. मुलीच्या वेळी मात्र “इथेच काहीतरी बघ ना” असं होतं. तिचं निवडपत्र हातात घेऊन संस्थेच्या कार्यालयाला फोन करा, वसतिगृहाची सोय विचारा, हवं तर पहिल्यांदा पोचवायला सोबत जा. पण तिला अडवू नका. या दोन महिन्यांत संशोधन आपल्याला आवडत नाही असं तिच्या लक्षात आलं, तरी ते वाया गेलं असं समजू नका. मापन, संगणन आणि नेमकं लिहिणं शिकलेल्या पदवीधराला डेटा विश्लेषण, हवामानशास्त्र, कर्करुग्णालयातलं वैद्यकीय भौतिकशास्त्र, शिक्षकी अशा पुष्कळ वाटा उघड्या असतात. वैद्यकीय भौतिकशास्त्रासाठी एम.एस्सी.नंतर वेगळा पदविका अभ्यासक्रम करावा लागतो, पण त्या माणसांवाचून रेडिओथेरपीचं यंत्र चालत नाही.

मुलांनो, या आठवड्यात आपल्या विभागातल्या एका सरांना किंवा मॅडमना तास संपल्यावर भेटा आणि विचारा, की प्रयोगशाळेतलं कोणतं उपकरण बंद पडून आहे, ते मी दुरुस्त करून बघू का.